वजन जास्त असणाऱ्यांनी इंटरव्हल व्यायाम कसा सुरू करावा

थोडा वेळ जोर लावायचा, थोडा वेळ सावकाश चालत श्वास पूर्ववत होऊ द्यायचा आणि हे चक्र ठरावीक वेळा करायचे, एवढेच इंटरव्हल व्यायामाचे सूत्र आहे. मोबाईलवर ‘हिट’ (हाय इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग) या नावाने जे व्हिडिओ फिरतात त्यांत मात्र सडपातळ तरुण मुले उड्या मारताना, जमिनीवर झेपावून पुन्हा उठताना आणि जागच्या जागी धावताना दिसतात. ते पाहून 90-100 किलो वजनाच्या माणसाला हा प्रकार आपल्यासाठी नाही असे वाटते, किंवा तो ईर्ष्येने तसेच करायला जातो आणि चार दिवसांत गुडघा धरून बसतो. व्यायामाची तीव्रता ज्याच्या त्याच्या श्वासावर आणि नाडीवर मोजायची असते, हे एकदा नीट समजले की दोन्ही गोष्टी टळतात. ज्याला पुण्यातील पर्वती टेकडीच्या पायथ्याचा चढ भरभर चालताना धाप लागते, त्याच्यासाठी तेवढे चालणे हाच तीव्र व्यायाम आहे आणि त्याला धावण्याची किंवा उडी मारण्याची मुळीच गरज नाही.

या पद्धतीमागे चांगले संशोधन आहे. नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथील संशोधकांनी चार मिनिटे जोर आणि तीन मिनिटे उसंत अशी चार आवर्तने हृदयविकाराच्या व मेटाबॉलिक सिंड्रोमच्या (पोटाचा घेर, रक्तदाब, साखर आणि रक्तातील चरबी यांतले दोष एकत्र असण्याच्या) रुग्णांकडून देखरेखीखाली करून घेतली, तर कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात एक मिनिट जोर आणि एक मिनिट उसंत अशी दहा आवर्तने टाइप 2 मधुमेहाच्या रुग्णांमध्ये तपासली गेली. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित आढाव्यात असे दिसले की, जास्त वजनाच्या प्रौढांमध्ये इंटरव्हल व्यायामाने आणि एकसारख्या मध्यम गतीच्या व्यायामाने शरीरातील चरबी व कंबरेचा घेर जवळजवळ सारखाच कमी होतो, मात्र इंटरव्हलला वेळ सुमारे 40 टक्के कमी लागतो. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत जाण्या-येण्यात रोजचे दोन-अडीच तास घालवणाऱ्यांच्या दृष्टीने ही वेळेची बचतच सर्वांत मोलाची आहे.

अपेक्षा मात्र आधीच स्पष्ट असाव्यात. एक किलो चरबीत साधारण 7700 कॅलरी साठवलेल्या असतात आणि अर्ध्या तासाच्या अशा व्यायामात त्यांपैकी 200 ते 300 कॅलरीच खर्च होतात. व्यायाम संपल्यावरही दिवसभर चरबी जळत राहते असे जे जाहिरातींत सांगतात, तो परिणाम प्रत्यक्षात फार लहान असतो. त्यामुळे पहिल्या दोन महिन्यांत वजनकाटा फारसा हलला नाही तरी निराश होऊ नये. या काळात दमसास वाढत असतो, रक्तदाब सुधारत असतो, स्नायू इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागतात आणि पोटातील व यकृतातील चरबीही कमी होऊ लागते. या सर्व गोष्टींचे आरोग्यावर होणारे परिणाम वजनातील दोन-तीन किलोंच्या फरकाहून मोठे आहेत, असे माझे ठाम मत आहे.

आधी तपासणी

भारतीयांमध्ये बीएमआय (किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) 23 च्या पुढे गेला की वजन जास्त आणि 25 च्या पुढे गेला की लठ्ठपणा असे धरले जाते. पुरुषांत 90 सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या पुढचा कंबरेचा घेर हीदेखील धोक्याची खूण आहे. परंतु केवळ बीएमआय जास्त आहे म्हणून इंटरव्हल व्यायाम वर्ज्य ठरत नाही. खरा प्रश्न हृदय, रक्तदाब, साखर आणि सांधे यांचा असतो. ज्यांना चालताना छातीत दडपण येते, अकारण भोवळ येते, पूर्वी हृदयविकाराचा झटका आला आहे किंवा अँजिओप्लास्टी झाली आहे, ज्यांना मधुमेह, उच्च रक्तदाब अथवा मूत्रपिंडाचा विकार आहे, ज्यांच्या घरात कमी वयात हृदयविकार झालेला आहे, तसेच चाळिशी उलटूनही ज्यांनी कित्येक वर्षे कसलाच व्यायाम केलेला नाही, अशा सर्वांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोराचा व्यायाम सुरू करू नये. ईसीजी पुरेसा आहे की टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून केलेली हृदयाची चाचणी) हीदेखील करावी लागेल, हे डॉक्टर ठरवतील. साधे सपाट चालणे मात्र बहुतेकांना तपासणीच्या आधीही सुरू करता येते आणि ते आजच सुरू करावे.

विश्रांतीच्या स्थितीत रक्तदाब 180/110 किंवा त्याहून अधिक असेल, तर त्या दिवशी जोराचा व्यायाम करू नये आणि आधी औषधोपचार मार्गी लावावा. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या तयार झाल्या असतील तर तीव्र व्यायामाने तेथे रक्तस्राव होण्याचा धोका असतो, म्हणून जुन्या मधुमेहींनी नेत्रतपासणीही करून घ्यावी. रात्री मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे आणि दिवसा पेंग येणे ही लक्षणे असतील तर तेही डॉक्टरांना सांगावे. लठ्ठपणात हा विकार पुष्कळदा असतो आणि बहुतेक जण तो सांगतच नाहीत.

जोर किती लावायचा

संपूर्ण पद्धतीचा गाभा येथे आहे, म्हणून हा भाग सावकाश वाचावा. जोराच्या टप्प्यात आपण किती जोर लावत आहोत हे ओळखण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला नाडीचा. वयाला 0.7 ने गुणून येणारी संख्या 208 मधून वजा केली की हृदयाच्या कमाल ठोक्यांचा अंदाज मिळतो. 45 वर्षांच्या व्यक्तीसाठी तो मिनिटाला सुमारे 176 येतो. त्याचे 75 टक्के म्हणजे 132 आणि 85 टक्के म्हणजे 150. नवशिक्याने पहिले काही आठवडे या दोन आकड्यांच्या दरम्यान राहावे. हा केवळ अंदाज आहे आणि प्रत्यक्षात दोन्ही बाजूंना दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असू शकतो, हे विसरू नये. शिवाय 30 सेकंदांचा टप्पा संपेपर्यंत नाडी पूर्ण वर चढलेलीही नसते, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळाकडे पाहून वेग वाढवत नेणे ही हमखास होणारी चूक आहे.

रक्तदाब किंवा हृदयविकारासाठी मेटोप्रोलॉलसारख्या बीटा-ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांना तर नाडीचा आकडा मुळीच उपयोगी पडत नाही, कारण या गोळ्या नाडीला वर चढू देत नाहीत. त्यांनी आणि खरे तर सर्वांनीच बोलण्याची कसोटी वापरावी, आणि हाच दुसरा मार्ग. सावकाश चालताना ‘मी त्या वळणापर्यंत जाऊन परत येते, तू इथेच थांब’ असे वाक्य एका दमात म्हणता येते. जोराच्या टप्प्याच्या अखेरीस हेच वाक्य ‘वळणापर्यंत जाते’ एवढ्यावर तुटले पाहिजे आणि पुढचे शब्द बोलण्याआधी श्वास घ्यावा लागला पाहिजे. एकही शब्द फुटत नसेल तर जोर जास्त झाला, आणि पूर्ण वाक्य सहज म्हणता येत असेल तर तो कमी पडला.

तिसरा मार्ग म्हणजे शून्य ते दहा या मापावर स्वतःच्या श्रमाला गुण देणे. खुर्चीत बसणे म्हणजे शून्य आणि यापुढे एक पाऊलही टाकता येणार नाही अशी स्थिती म्हणजे दहा. पहिल्या महिन्यात जोराचा टप्पा सहा-सातवर असावा, पुढे सात-आठवर; नऊ-दहावर जाण्याचे कारणच नाही. सहावे आवर्तन पहिल्याइतकेच नीट जमले पाहिजे, हा माझ्या मते सर्वांत विश्वासार्ह निकष आहे. तिसऱ्या आवर्तनातच पाय ओढायला लागले, तर सुरुवात अति जोरात झालेली असते.

20 सेकंद जोर आणि 10 सेकंद उसंत ही ‘ताबाता’ पद्धत पुण्यातील अनेक जिममध्ये सरसकट सर्वांना करायला लावतात. जपानचे इझुमी ताबाता यांनी 1996 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ती तरुण आणि खेळाची सवय असलेल्या पुरुषांकडून सायकलवर करून घेतली होती. दहा सेकंदांत जड शरीराचा श्वास सावरत नाही. ती पद्धत कोणी आग्रहाने करायला सांगितली तरी नम्रपणे नाही म्हणावे.

प्रत्यक्ष व्यायाम

पहिले तीन आठवडे कोणतेही आवर्तन न करता आठवड्यातून पाच दिवस 20 ते 30 मिनिटे सपाट जागेवर चालावे. हा काळ गाळू नये. हृदय आणि फुफ्फुसे काही आठवड्यांत जुळवून घेतात, पण पोटरीचे स्नायुबंध आणि टाचेखालचा पडदा यांना त्याहून पुष्कळ जास्त वेळ लागतो, आणि जास्त वजनाच्या माणसाचा व्यायाम बहुधा याच जागा दुखावल्यामुळे बंद पडतो. विद्यापीठाच्या आवारातील झाडीखालचे रस्ते, एम्प्रेस गार्डन किंवा आपल्या सोसायटीचा पोडियम (पार्किंगवरची मोकळी सपाट जागा) यांपैकी जे जवळ असेल ते निवडावे.

चौथ्या आठवड्यापासून आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, इंटरव्हल सुरू करावे. त्यासाठी 100 मीटरचा एक सौम्य चढ शोधावा. तळजाई टेकडीवरच्या रुंद वाटांवर असे तुकडे मिळतात, आणि काही सोसायट्यांतील पार्किंगचा उतारही पहाटे वाहने नसताना चालतो. आधी दहा मिनिटे सपाटीवर चालावे. पहिली पाच मिनिटे रमतगमत, नंतरची पाच हळूहळू वेग वाढवत. मग चढाच्या तळाशी उभे राहून मोबाईलवर 30 सेकंदांचा गजर लावावा आणि चढ चढायला लागावे. पावले लांब टाकू नयेत. ती लहान आणि झपाझप पडावीत, पूर्ण पाऊल जमिनीवर टेकावे, अंग घोट्यापासून किंचित पुढे झुकावे, कंबरेतून वाकू नये, आणि कोपर दुमडून हात मागे-पुढे नेटाने हलवावेत. हातांची गती वाढली की पायांची आपोआप वाढते. श्वास रोखून धरू नये, कारण त्याने रक्तदाब एकदम चढतो. तोंड उघडून श्वास घ्यावासा वाटला तर खुशाल घ्यावा. अर्ध्या मिनिटात साधारण 40 मीटर चढून होईल. गजर वाजताच वळून 90 सेकंद तोच तुकडा अगदी सावकाश उतरावा. तळाशी पोहोचेपर्यंत एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. न आल्यास आणखी अर्धा मिनिट थांबावे, त्यात कमीपणा नाही. अशी सहा आवर्तने झाली की थांबून बाकावर बसू नये. जोराच्या श्रमानंतर एकदम थांबल्यास रक्त पायांतच साचून राहते आणि घेरी येऊ शकते, म्हणून आणखी आठ-दहा मिनिटे वेग उतरवत सपाटीवर चालावे आणि शेवटी पोटऱ्या व मांड्या ताणाव्यात. पूर्ण कार्यक्रमाला अर्धा तास लागतो.

सातव्या आठवड्यापासून जोर एक मिनिट आणि उसंत दोन मिनिटे अशी सहा आवर्तने करावीत, त्यानंतर उसंत हळूहळू एक मिनिटावर आणावी आणि बाराव्या आठवड्यापर्यंत एक मिनिट जोर, एक मिनिट उसंत अशी आठ ते दहा आवर्तने गाठावीत. एका वेळी एकच गोष्ट वाढवावी: आवर्तने वाढवली तर चढ तोच ठेवावा, चढ वाढवला तर आवर्तने तेवढीच ठेवावीत. एखाद्या टप्प्यावर तीन-चार आठवडे जास्त लागले तरी हरकत नाही. इंटरव्हल आठवड्यातून तीन दिवसांहून अधिक करू नये; उरलेल्या दिवसांत साधे चालणे ठेवावे, आणि दोन दिवस खुर्चीतून उठबस, भिंतीला टेकून दंड, पाण्याच्या बाटल्या उचलणे असे स्नायूंचे व्यायाम करावेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली दिलेल्या सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटे जोराचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करायला हवा. वरील आखणी त्यात बसते.

गुडघे दुखत असतील तर

पर्वतीच्या रुंद दगडी पायऱ्या पाहून अनेकांना त्यांवरच व्यायाम सुरू करावासा वाटतो. चढताना हृदयाला उत्तम काम मिळते हे खरे, पण उतरताना प्रत्येक पायरीला शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार गुडघ्याच्या वाटीवर येतो, आणि शनिवार-रविवारच्या गर्दीत आपला वेग आपल्या हातात राहत नाही. तीन-चार महिन्यांच्या तयारीनंतर पायऱ्यांचा विचार करावा. सिंहगडही त्यानंतरच.

ज्यांचे गुडघे आधीच दुखतात त्यांना जागच्या जागी चालवायची व्यायामाची सायकल सर्वांत सोयीची. सायकलशेजारी उभे राहिल्यावर आसन कंबरेच्या हाडाइतके उंच असावे आणि पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहावा. आसन खाली ठेवल्यास गुडघा दुखतोच. पोटाचा घेर मोठा असल्यास पाठीला टेकण असलेली सायकल घ्यावी, म्हणजे मांडी पोटाला लागून श्वास कोंडत नाही. जोराच्या टप्प्यात पाय गरागरा फिरवण्यापेक्षा पायडलचा रोध (जडपणा) एक-दोन घरे वाढवावा. ट्रेडमिल असेल तर धावू नये. ताशी साडेचार-पाच किलोमीटर वेग कायम ठेवून केवळ चढ 4 ते 8 टक्क्यांपर्यंत वाढवावा आणि उसंतीत तो शून्यावर आणावा. घरगुती यंत्र विकत घेण्याआधी त्यावर लिहिलेली वापरकर्त्याची कमाल वजनमर्यादा अवश्य वाचावी.

तिसरा पर्याय पोहण्याच्या तलावाचा, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. छातीभर पाण्यात पायांवर शरीराच्या वजनाच्या साधारण एक-तृतीयांश भारच येतो, त्यामुळे 120 किलोच्या व्यक्तीलाही पाण्यात भरभर चालत 30 सेकंदांचे टप्पे करता येतात. पोहता येण्याची गरज नसते. पाण्यात नाडी जमिनीपेक्षा कमी चढते, म्हणून येथे श्वासावरच विसंबावे. पोहण्याच्या पोशाखाच्या संकोचापायी पुष्कळ जण, विशेषतः स्त्रिया, तलावाकडे फिरकत नाहीत. पूर्ण बाह्यांचा आणि घोट्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख आता सहज मिळतो, आणि अनेक तलावांवर स्त्रियांसाठी वेगळी वेळही असते.

औषधे, खाणे आणि हवा

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी व्यायामापूर्वी साखर तपासावी. ती 100 च्या खाली असेल तर एखादे केळे खाऊन थोड्या वेळाने सुरुवात करावी. 250 च्या वर असून अंगात कणकण किंवा मळमळ असेल तर त्या दिवशी व्यायाम टाळावा आणि डॉक्टरांना कळवावे. जोराच्या व्यायामानंतर साखर काही वेळ वाढलेली दिसू शकते, त्याने घाबरू नये. उलट काही तासांनी, कधी रात्रीही, ती खाली घसरू शकते, त्याकडे लक्ष ठेवावे. खिशात साखर नेहमी असावी. हात थरथरणे, घाम फुटणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे असे झाल्यास लगेच तीन चमचे साखर घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. पायांची संवेदना कमी झालेल्यांनी घरी आल्यावर तळवे आणि बोटांमधल्या फटी रोज पाहाव्यात.

छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात पसरणारी कळ, उसंतीतही न ओसरणारी धाप, अनियमित धडधड किंवा भोवळ यांपैकी काहीही जाणवले तर व्यायाम तेथेच थांबवावा, एकट्याने गाडी चालवत घरी जाऊ नये आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. म्हणूनच टेकडीवर पहिले काही आठवडे सोबत कोणीतरी असावे.

एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा 40 अंशांपर्यंत जातो आणि जड शरीरातून उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो, त्यामुळे सकाळी साडेसातच्या आत आटोपावे. पावसाळ्यात टेकडीवरचा मुरूम निसटतो आणि पायऱ्यांवर शेवाळ धरते. तेव्हा सायकल किंवा पोडियमच बरा. हिवाळ्यात पहाटे धूर आणि धूळ खाली साचून राहते, म्हणून सिंहगड रस्ता किंवा नगर रस्त्यासारख्या वाहत्या रस्त्यांच्या कडेने जोराचा व्यायाम करू नये, कारण धाप लागलेला माणूस एरवीपेक्षा कितीतरी पट हवा आत ओढतो. जांघा एकमेकींना घासून सोलवटणे हा जास्त वजनाच्या लोकांचा नेहमीचा त्रास आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. गुडघ्यापर्यंत येणारी घट्ट विजार आत घालावी आणि आधी पेट्रोलियम जेली लावावी. उडी मारताना किंवा खोकताना लघवीचे थेंब जाणाऱ्या स्त्रियांनी उड्यांचे प्रकार टाळून फिजिओथेरपिस्टकडून ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम शिकून घ्यावेत.

खाण्याबद्दल थोडक्यात एवढेच सांगायचे की, टेकडीवरून उतरल्यावरची एक मिसळपावची प्लेट सकाळचा सगळा खर्च सहज भरून काढते. घरी येऊन दोन अंडी, मुगाचे धिरडे किंवा उसळ खावी आणि साखरेच्या चहाचे कप मोजून ठेवावेत. सकाळी व्यायाम झाला म्हणून उरलेला दिवस खुर्चीत घालवू नये. तासाभराने उठून पाच मिनिटे चालावे.

फरक मोजताना

दर महिन्याला बेंबीच्या पातळीवर श्वास सोडून कंबरेचा घेर मोजावा. महिन्यातून एकदा, शेवटचे जोराचे आवर्तन संपताच नाडी मोजून एका मिनिटाच्या उसंतीनंतर पुन्हा मोजावी. नाडीतला हा उतार जसजसा वाढेल तसतसे हृदय तंदुरुस्त होत आहे असे समजावे. तो सतत 12 ठोक्यांहून कमी राहत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. तोच चढ, तेवढ्याच वेळात, पूर्वीपेक्षा कमी धाप लागून चढता येऊ लागला की चढ किंचित वाढवण्याची वेळ आली असे धरावे.

सणवार, प्रवास किंवा आजारपणामुळे खंड पडणारच. आठवडाभराचा असेल तर जेथे सोडले तेथूनच सुरू करावे. दोन आठवड्यांहून मोठा असेल तर एक टप्पा मागे यावे. पावसाळ्यात डेंग्यू किंवा चिकुनगुन्या झाल्यास ताप उतरला म्हणून लगेच चढाला भिडू नये: प्लेटलेट्स पूर्ववत झाल्याची खात्री डॉक्टरांकडून करून घ्यावी, आधी आठ-दहा दिवस सपाटीवर चालावे, आणि चिकुनगुन्यानंतर घोटे किंवा मनगटे सकाळी आखडत असतील तर ती सैल होईपर्यंत पाण्यातले चालणेच चालू ठेवावे.